बेलची तीच चीर पुन्हा का उघडते? जुनी पितळी सुषिर वाद्ये आणि त्यांच्या प्रतिकृतींसाठी समस्या निवारण

बेलची, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडाची, चीर सोल्डरने भरली, घासून सपाट केली, वाद्य वाजवूनही पाहिले. दोन-तीन महिन्यांनी सोल्डरच्या रेषेला लागूनच केसाएवढी नवी रेघ दिसते. किंवा सोल्डर जागच्या जागी आहे, पण चीर त्याच्या पुढच्या टोकापासून आणखी ८-१० मिमी सरकली आहे. नॅचरल ट्रम्पेट (व्हॉल्व्ह नसलेला), सॅकबट (ट्रॉम्बोनचा जुना प्रकार), एकोणिसाव्या शतकातले व्हॉल्व्हचे हॉर्न आणि त्यांच्या नव्याने घडवलेल्या प्रती, सगळीकडे ही तक्रार येते. यावर बहुतेकजण सोल्डर बदलतात: कथील-शिशाऐवजी चांदीचे, मग आणखी जास्त चांदीचे. त्याने प्रश्न सुटत नाही, कारण सोल्डर हरलेलेच नसते. पत्र्यात अडकलेला ताण चिरेच्या दोन्ही ओठांना अजून बाहेर ओढत असतो. तो ताण कुठून आला हे कळल्याशिवाय चीर बुजवू नये, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

आधी चीर वाचा

पॉलिश लावू नका. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन तेल आणि मेण काढा. वर लॅकर (पारदर्शक रोगण) असेल तर ते विरघळेल, म्हणून आधी कोपऱ्यात तपासा. खोली अंधारी करून बेलच्या आत छोटा दिवा धरला की आरपार गेलेली चीर प्रकाशाच्या रेषेसारखी दिसते. मग १० पटीचे भिंग घेऊन तिची टोके शोधा. नुसत्या डोळ्यांना जिथे चीर संपलेली वाटते तिथून ती बहुधा १-२ मिमी पुढे गेलेली असते. पारदर्शक फिल्म वर ठेवून चीर जशीच्या तशी उतरवा आणि तारीख लिहा. पुढे ती वाढली की नाही हे सांगायला या फिल्मइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही.

दिशा आणि रंग पाहिले की अर्धे निदान होते. कडेपासून गळ्याकडे, लांबीच्या दिशेने जाणारी चीर म्हणजे परिघाच्या दिशेने ओढ आहे. बेलचा पत्रा जिथे दात कापून जोडलेला असतो, त्या सांध्याच्या दातांजवळ पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी चीर ब्रेझिंगकडे, म्हणजे लाल आचेवर केलेल्या पक्क्या जोडाकडे, बोट दाखवते. कडेवर ठरावीक अंतराने आखूड चिरा असतील तर कड ज्या तारेवर वळवलेली असते त्या आतल्या तारेवर संशय घ्या. फेरुलच्या (नळ्यांच्या जोडावरच्या कड्याच्या) काठाला समांतर, गोल फिरणारी चीर सहसा वाकण्याने किंवा आपटण्याने येते. चिरेचे ओठ पिवळे आणि चकचकीत असतील तर ती ताजी आहे. ओठ तपकिरी-काळे असून तिला बारीक फाटे फुटलेले असतील तर गंज आणि ताण दोघे मिळून काम करत आहेत. ओठ गुलाबी-तांबूस दिसले तर पितळातले जस्त निघून गेले आहे आणि उरलेल्या सच्छिद्र तांब्यात जोर नाही. अशा गुलाबी पट्ट्यावर सोल्डर चिकटते, पण ते धरते कुजक्या पत्र्याला. ठिगळ निरोगी पिवळ्या धातूपर्यंत न्यावेच लागते.

सर्वांत जास्त आढळणारे कारण: आतला ताण आणि अमोनिया

थंड पत्रा ठोकला, ओढला किंवा मॅन्ड्रेलवर (आत घालायच्या पोलादी साच्यावर) घोटला की तो आकार धरतो, पण आतून पूर्ण शांत होत नाही. १५ टक्क्यांहून जास्त जस्त असलेल्या पितळात असा ताण असताना दमट हवा आणि अमोनिया यांची संगत मिळाली, तर धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवरून चीर धावते. बाहेरून कुणी जोर लावावा लागत नाही. भारतातल्या ब्रिटिश फौजेच्या बंदुकीची पितळी काडतुसे तबेल्यांत ठेवली की पावसाळ्यात तडकत, म्हणून या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि काडतूस ओढताना त्यात राहिलेला ताण, या दोघांचे नाते मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये उलगडले. बेलची कथा तीच आहे, फक्त तबेल्याच्या जागी कपाट आले.

कपाटात अमोनिया कुठून येतो? पितळ चमकवणाऱ्या कित्येक पॉलिशमध्ये तो असतो. काचा पुसायच्या द्रावणात असतो. आणि ज्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते तो म्हणजे नवसागर, अर्थात अमोनियम क्लोराइड. कल्हईच्या कामात त्याला पर्याय नाही, मऊ (कमी तापमानाला वितळणाऱ्या, कथिलाच्या) सोल्डरच्या अनेक आम्ली फ्लक्समध्येही, म्हणजे सोल्डर चिकटावे म्हणून लावायच्या द्रावणातही, तो जस्ताच्या क्लोराइडसोबत असतो. चीर बुजवताना तोच फ्लक्स चिरेत शिरतो, वरून सोल्डर बसते, आणि धुऊनही आतला नवसागर निघत नाही. म्हणजे दुरुस्ती करतानाच पुढच्या चिरेचे बी पेरले जाते. चीर सोल्डरला लागूनच का उघडते, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते.

जस्त जितके जास्त तितका धोका जास्त. जुन्या पद्धतीत तांब्याबरोबर जस्ताचे खनिज आणि कोळसा तापवून पितळ करत. त्यात जस्त साधारण २८-३० टक्क्यांच्या वर जात नसे. १७८१ मध्ये जेम्स इमर्सनने धातुरूप जस्त थेट मिसळून पितळ करण्याचे पेटंट घेतले. त्या वाटेने पुढे जास्त जस्ताचा पत्रा बनू लागला. न्यूरेंबर्गच्या हास किंवा एहे या वाद्यकार घराण्यातल्या ट्रम्पेटची प्रत ६३/३७ (६३ टक्के तांबे, ३७ टक्के जस्त) पितळात केली तर रंगही चुकतो आणि चिरांचा धोकाही वाढतो. ७०/३० घ्या, मिळत असेल तर ७२/२८.

ताण खरोखर आहे का, हे तपासायची सोपी रीत आहे. वाद्य घडवले त्याच पद्धतीने एक जादा नळी किंवा बेलचा चाचणी-तुकडा घडवा. त्यातून १५-२० मिमी रुंद कडे (रिंग) कापा, सरासरी व्यास मोजा, बारीक करवतीने लांबीच्या दिशेने एक काप द्या आणि व्यास पुन्हा मोजा. कडे उघडले तर बाहेरच्या थरात ओढ होती. हिशोब असा: ताण = स्थितिस्थापकतेचा गुणांक × जाडी × (१/आधीचा व्यास − १/नंतरचा व्यास). पितळाचा गुणांक सुमारे १,१०,००० मेगापास्कल धरा. ०.५ मिमी जाडीच्या नळीचा व्यास १२ वरून १२.३ मिमी झाला तर ताण सुमारे ११० मेगापास्कल येतो. हा अंदाज आहे, पण तापवून मऊ केलेले पितळ ज्या ताणाला कायमचे वाकू लागते त्याच्या जवळपासचा आकडा नळी नुसती टेबलावर पडलेली असताना दिसावा, ही साधी गोष्ट नाही.

दुसरी चाचणी अमोनियाच्या वाफेची. आयएसओ ६९५७ हे मानक तांब्याच्या मिश्रधातूंसाठी हीच कल्पना वापरते, २४ तासांच्या मुदतीने. कार्यशाळेत तुलनेपुरते असे करा: झाकणाच्या एक लिटरच्या काचेच्या बरणीत १० टक्क्यांचे ५० मिली अमोनिया द्रावण घ्या, नमुना द्रावणाला न लागता नायलॉनच्या दोऱ्याने टांगा, २४ तास बंद ठेवा. नंतर ५ टक्के सल्फ्युरिक आम्लात निळा थर उतरवा, धुवा, भिंगाखाली पाहा. ताण काढलेला आणि न काढलेला, असे दोन नमुने एकाच बरणीत टांगले तर फरक कुणालाही दिसेल. हे काम उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करायचे. आणि ती बरणी वाद्यांच्या खोलीत परत आणायची नाही.

नव्या प्रतीत ताण कसा काढावा

२५० ते २८० अंश सेल्सियसला एक तास. एवढ्या तापमानाला ठोकून आलेला कडकपणा जवळजवळ तसाच राहतो, ताण मात्र उतरतो. पूर्ण मऊ करायचे नसते, नाहीतर बेलचा आवाज आणि ताठपणा दोन्ही जातात. भट्टीच्या तबकडीवरचा आकडा खरा मानू नका, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पत्र्याला टेकवून ठेवा. बेल उभी, तोंड खाली, सपाट पत्र्यावर ठेवा म्हणजे कड वाकडी होत नाही. भट्टीतच निवू द्या. आलेली तपकिरी झाक ५-१० टक्के सायट्रिक आम्लात निघते.

क्रम चुकला तर हे सगळे वाया जाते. कथील-शिशाचे ६०/४० सोल्डर १८३ ते १९० अंशांत वितळते, कथील-चांदीचे ९६/४ सोल्डर २२१ अंशांना. म्हणजे कडेची पट्टी, फेरुल, ट्रम्पेटच्या नळीवरचा गोळा, ब्रेस (नळ्यांमधला आधार) यांपैकी काहीही मऊ सोल्डरने लागण्याआधी ताण काढून झाला पाहिजे. पण कड वळवण्याच्या आधीही नाही, कारण सर्वांत मोठा ताण कड वळवतानाच येतो. सांधा ब्रेझ, ठोकणे आणि मऊ करणे आलटून पालटून, मठारणे, मॅन्ड्रेलवर घोटणे, कड तारेवर वळवणे, मग भट्टी, आणि सोल्डर सर्वांत शेवटी. घोटणी फिरवल्यावर कड वळवायला दुसरा दिवस उजाडणार असेल तर बेल रात्रभर तशीच सोडू नका; तिला मधेच एकदा २५० अंश दाखवायला हरकत नाही.

ठोकतानाची खूण हाताला आणि कानाला कळते. मोगरीखाली पत्रा आधी मऊ, बसका वाजतो. आवाज टणक झाला आणि हातोडी उसळू लागली की थांबा आणि मऊ करा. ‘अजून एक फेरी’ हीच ती फेरी असते जिच्यात कडेला सूक्ष्म चिरा पडतात. मऊ करताना मंद प्रकाशात जेमतेम दिसणारा लाल रंग, सुमारे ५५० ते ६०० अंश, पुरे. जास्त तापवले तर धातूचे कण मोठे होतात आणि पुढच्या ठोकीला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो. ती खडबड घासून काढताना पत्रा आणखी पातळ होतो. मुळात ज्या बेलची भिंत अर्ध्या मिलिमीटरहून पातळ आहे तिथे ही उधळपट्टी परवडत नाही.

आच लागतानाच पडणारी चीर

काही चिरा महिन्यांनी येत नाहीत. बर्नर लावल्यावर अर्ध्या मिनिटात ‘टक्’ असा आवाज येतो. ठोकून कडक झालेल्या बेलच्या एकाच जागी तीव्र ज्योत लावली की तापलेला भाग फुगू पाहतो, थंड भाग त्याला धरून ठेवतो, आणि आधीच असलेल्या ताणात भर पडते. आधी पूर्ण बेलवरून मोठी, मवाळ ज्योत फिरवत तिला सावकाश ३०० अंशांच्या पुढे न्या, मगच लाल करा. एकोणिसाव्या शतकातल्या वाद्यांवरचे जर्मन सिल्व्हरचे (तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे) भाग याबाबतीत पितळापेक्षाही नाजूक असतात.

जुन्या मिश्रणाबरहुकूम शिसे असलेला पत्रा वापरणाऱ्यांनी आणखी सांभाळावे. शिसे पितळात विरघळत नाही, थेंबाथेंबाने बसते आणि ३२७ अंशांना वितळते. लाल असताना असा पत्रा सांडशीने उचलला किंवा वळवला तर तो बिस्किटासारखा तुटतो. भट्टीतून न हलवता काळा होऊ द्या. लाल असताना पाण्यात बुडवू नका.

सोल्डर स्वतःही चीर पाडू शकते, हे फार कमी जणांच्या ध्यानात येते. ताणलेल्या पितळाला वितळलेले चांदीचे सोल्डर लागले की ते कणांच्या सीमांतून आत घुसते आणि चीर डोळ्यांदेखत पुढे पळते. म्हणून ब्रेझ करायची जागा आधी मऊ करा, आणि ती कशानेही जखडलेली नसावी. बांधायची लोखंडी तार हा नेहमीचा गुन्हेगार आहे. पितळ लोखंडापेक्षा दीडपटीहून जास्त प्रसरण पावते. १०० मिमी व्यासाचा भाग ६५० अंशांपर्यंत तापवला तर पितळाचा परीघ तारेच्या परिघापेक्षा सुमारे १.५ मिमी जास्त वाढतो. तार तेवढी पत्र्यात रुतते. तारेला दर २०-२५ मिमीवर पकडीने नागमोडी वळण द्या, ते वळण उघडून वाढ सामावून घेते.

आधीच्या कुणी मऊ सोल्डर लावले असेल तर त्यावर ब्रेझिंग कधीही करू नये. लाल आचेला कथील-शिसे पितळ खाऊन टाकते आणि चिरेच्या जागी भोक उरते. पूर्ण खरवडून काढता येत नसेल तर मऊ सोल्डरचीच वाट धरा.

दातांचा सांधा

जुन्या पद्धतीच्या बेलमध्ये एका काठाला दात कापून एकआड एक वर-खाली बसवतात आणि दुसरा काठ त्यांच्यात सरकवतात. चीर दाताच्या कोपऱ्यातून निघत असेल तर बहुधा काठ पातळ केलेला नव्हता. दोन्ही काठ कानशीने ३-४ मिमी रुंदीत निम्म्या जाडीपर्यंत उतरते करा, म्हणजे एकावर एक बसल्यावर जाडी पत्र्याएवढीच राहते. जाड राहिलेला सांधा ताठ असतो, शेजारचा पत्रा मऊ असतो, आणि सगळी ठोक त्या दोघांच्या सीमेवर साचते.

ब्रेझिंगला फ्लक्स म्हणून लावलेला टाकणखार वितळून काचेसारखा होतो आणि दातांखाली अडकतो. गरम पाण्यात काही तास भिजवून, ब्रशने काढून, मग आम्ल, मग खाण्याच्या सोड्याचे पाणी, मग स्वच्छ पाणी. सांधा दिव्यापुढे धरला की राहिलेले छिद्र दिसते. ते लगेच पुन्हा ब्रेझ करा. ठोकून ते बुजत नाही, लांबते.

कडेतली तार

कडेजवळ लोहचुंबक फिरवा. चिकटला तर आत लोखंडी तार आहे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे कड आतून फाटत जाते. अशा चिरा बाहेरून कितीही बुजवा, तार गंजत राहील तोवर थांबणार नाहीत. जुन्या वाद्यात तार काढू नये. खोलीची आर्द्रता ४५ टक्क्यांखाली आणि स्थिर ठेवावी, कडेच्या फटीत सूक्ष्म-स्फटिकी मेण द्यावे. प्रतीत मूळ वाद्याप्रमाणे लोखंडी तार हवीच असेल तर ती आधी कल्हई करून घ्या. नाहीतर मऊ केलेली पितळी तार.

वाजवायच्या वाद्यावर ठिगळ

चिरेचे ओठ आतून पोलादी गोळ्याने आणि बाहेरून मोगरीने एका पातळीत आणा. ओठ क्लॅम्पने दाबून जुळवू नका. दाब सोडल्यावर ते पुन्हा फाकत असतील तर ताण अजून आहे, आणि तो सोल्डरच्या अंगावर टाकला जाईल. चिरेच्या भिंगाखाली दिसणाऱ्या टोकापुढे १ मिमीवर ०.६ ते ०.८ मिमीचे भोक पाडले की टोकावर एकवटलेला ताण पसरतो. पत्रा इतका पातळ असताना मोठे भोक नको.

ठिगळाला ०.१५ मिमीचा पितळी पत्रा, मऊ केलेला, बेलच्या वळणावर आधीच बसवून घेतलेला. चिरेच्या दोन्ही बाजूंना ६-८ मिमी आणि टोकापुढे १० मिमी. कोपरे गोल, काठ कानशीने शून्यावर आणलेले. ते बाहेरून लावावे हे आमचे ठाम मत आहे: आतली हवेची वाट बदलत नाही आणि पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला काय केले ते दिसते. फ्लक्स राळेचा. तो पितळावर आळशी वाटतो, म्हणून दोन्ही पृष्ठभाग चमकेपर्यंत घासून आधी वेगवेगळे पातळ कथिलावून घ्या. मग जोडताना त्याला फार काही करावे लागत नाही. जवळच्या सोल्डरच्या जोडांवर ओल्या कागदाचा लगदा ठेवा. सोल्डर काठाभोवती चमकले की आच काढा आणि थिजेपर्यंत हात हलवू नका. राळ स्पिरिटने पुसा. २४ तासांनी, आठवड्याने आणि महिन्याने त्या पारदर्शक फिल्मशी ताडून पाहा.

चमक हवी असेल तर पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये कालवलेली बारीक खडूची पूड वापरा. अमोनियाचे पॉलिश पुन्हा लागले तर ठिगळाशेजारी नवी चीर यायला वेळ लागत नाही.

संग्रहालयातल्या वाद्याला यातले काहीच लागू होत नाही. १५५१ सालचा एरास्मुस श्निट्झरचा टेनर ट्रॉम्बोन, म्हणजे तारीख असलेला सर्वांत जुना ट्रॉम्बोन, न्यूरेंबर्गच्या गेर्मानिशेस नॅशनालम्युझियममध्ये आहे. तशा वस्तूत भोक पाडणे किंवा तिला आच देणे म्हणजे पुरावा पुसणे. हातोड्यांच्या खुणा, जाडीतला चढउतार, सांध्याची रीत, हे सगळे त्या पत्र्यातच लिहिलेले असते. तिथे जपानी कागदाची पट्टी पॅरालॉइड बी-७२ या अ‍ॅक्रिलिक राळेने लावून चिरेचे ओठ फक्त धरून ठेवतात. अ‍ॅसिटोनने ते केव्हाही काढता येते. मूळ वाद्य वाजवू नये, मोजमाप घेऊन प्रत घडवावी.

ताण काढूनही प्रत तडकत असेल तर

पत्र्याची लाटण्याची दिशा पाहा. लाटलेल्या पत्र्यातली अशुद्धी त्या दिशेने लांबट पसरलेली असते आणि चिरेला आयती वाट मिळते. बेलचा नमुना कापताना ही दिशा बेलच्या लांबीला आडवी ठेवा, म्हणजे लांबीच्या चिरेला त्या रेषा ओलांडाव्या लागतील. पत्र्यावरच्या बारीक समांतर ओरखड्यांवरून दिशा कळते. कळली नाही तर एकाच तुकड्यातून दोन पट्ट्या काटकोनात कापून, एकाच ठिकाणी वारंवार मागे-पुढे वाकवून, कोणती आधी तुटते ते पाहा. जी आधी तुटते तिची वाकण्याची रेषा लाटण्याच्या दिशेला समांतर असते. ८५/१५ पितळ घेतले तर ताणाच्या चिरांचा प्रश्न बराचसा मिटतो, हे खरे. पण त्याचा रंग तांबूस असतो, ते हातोडीखाली वेगळे वागते, आणि त्याला हास घराण्याच्या ट्रम्पेटची प्रत म्हणता येणार नाही.